पिनेवरचा संसार

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वाहन एकटं फिरताना क्वचित दिसतं. त्याच्या मागे काही ना काही अडकवलेलं असतंच. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीत विटा, विटांवर मजूर आणि मजुराच्या हातात गाणं वाजवणारा मोबाइल. पिकअपच्या मागे स्लॅबचं मिक्सर मशीन. दुसऱ्या पिकअपच्या मागे हळदीचा जनरेटर. दिवाळीनंतर भातझोडणीचं मशीन. आणि बंद पडलेल्या रिक्षाच्या मागे दुसरी रिक्षा, जिचा चालक एक पाय बाहेर काढून पुढच्या रिक्षाला रेटत असतो. ओढणाऱ्याने पुढे असावं, हा या शास्त्रातला पहिला नियमसुद्धा तिथे उरत नाही.

लहानपणापासून हे सगळं पाहिलेलं असल्यामुळे, मागे गाडी जोडून सुरक्षित कसं जावं हे कुणाला शिकवावं लागतं, अशी शंकाही आमच्याकडे कुणाला येत नाही. ज्याला ट्रॅक्टर चालवता येतो त्याला ट्रॉली ओढता येते. ज्याला ट्रॉली ओढता येते त्याला टँकर ओढता येतो. ज्याला यातलं काहीच येत नाही तो बाजूला उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणतो आणि त्यालाच सगळ्यात जास्त येतं.

पाहणाऱ्यांची नजर नेहमी पुढच्या गाडीवर असते. किती हॉर्सपॉवर, कुठली कंपनी, बॉनेटवर कुठल्या देवाचा हार. पण या धंद्यात मुरलेला माणूस गाडीजवळ आला की आधी मागे जातो, ट्रॉलीच्या टायरला लाथ मारतो, पिनेकडे बघतो आणि मगच सीटवर चढतो. त्याला ठाऊक असतं की इंजिनाच्या हातात फक्त निघणं आहे. थांबायचं कुठे, वळायचं किती आणि उतारावर कुठल्या गटारात शिरायचं, हे निर्णय मागे होतात.

याची आमच्याकडची शाळा म्हणजे पाण्याचा टँकर. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं भातसा धरणातून जातं. तानसा धरण तर १८९२ पासून मुंबईसाठी राबतंय. ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यामुळे मार्च उलटला की शहापूर तालुक्यात पाण्याचे टँकर फिरू लागतात. हे 'त्यामुळे' बाहेरगावच्या पाहुण्याला समजावून सांगता येत नाही. आम्हीही तो प्रयत्न सोडून दिलाय. मुंबईला पाणी पाइपातून जातं, बसल्या जागी. डोळखांबच्या बाजूच्या वाड्यांना ते पिनेला अडकवून ओढत न्यावं लागतं, एवढाच फरक.

आमच्या आळीत एक टँकरदादा आहेत. त्यांचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. त्यांच्या ट्रॅक्टरचं वजन सुमारे दोन टन. मागच्या टाकीत पाच हजार लिटर पाणी, म्हणजे हिशेबाला सोपं पाच टन, वर लोखंडाचं वेगळं. थोडक्यात, दोन टनांचा गडी सहा-साडेसहा टनांच्या पाहुण्याला हात धरून घाट दाखवायला निघालेला असतो. चढावर पाहुणा नुसता लटकून राहतो, उतारावर मात्र त्याला घाई होते. या पाहुण्याला स्वतःचे ब्रेक नसले (आणि पुष्कळदा नसतातच) तर थांबायचं सगळं काम पुढच्याच्या मागच्या दोन चाकांवर पडतं. बरं, ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल दोन असतात, एक डाव्या चाकाचं आणि एक उजव्या चाकाचं, कारण शेतात एक चाक धरून जागच्या जागी वळावं लागतं. रस्त्यावर आल्यावर ती दोन्ही पेडलं एका पट्टीने जोडून घ्यायची असतात. ती पट्टी कंपनीनेच दिलेली असते आणि बहुतेक ट्रॅक्टरांवर ती नव्या नवरीसारखी न वापरता जपून ठेवलेली असते. मग ऐन उतारावर घाईत एकच पेडल दाबलं जातं, ट्रॅक्टर एका बाजूला वळतो, मागचा टँकर मात्र सरळच चाललेला असतो, आणि दोघांचा मिळून रस्त्यावर मराठीतला 'ळ' तयार होतो.

टँकरदादांना सर्वात जास्त भीती भरलेल्या टाकीची वाटत नाही. रिकाम्या टाकीची तर नाहीच. ते घाबरतात अर्ध्या टाकीला. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत ते वळणावर बाहेरच्या अंगाला धावतं, ब्रेक मारला की पुढच्या भिंतीवर आपटतं, परत मागे जातं आणि गाडी थांबल्यावरही स्वतः थांबत नाही. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण ज्याने काढली तो टँकरवर क्लीनर असणार. यावरचा उपाय म्हणजे टाकीच्या आत भोकं ठेवलेले आडवे पत्रे बसवायचे, म्हणजे पाण्याची धाव मध्येच मोडते. पण ते पत्रे बाहेरून दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्यावर खर्च करायचा तर माणूस आधी टाकीवर वाघाचं चित्र काढून घेतो. म्हणून निम्मी टाकी या वाडीत आणि निम्मी पुढच्या वाडीत, असं कुणी सुचवलं की टँकरदादा म्हणतात, "मंग पुढच्या वाडीला तूच घेऊन जा, मी मागून एसटीने येतो."

आता पिनेविषयी. पाच टन पाणी, एक ट्रॅक्टर, एक ड्रायव्हर, मडगार्डवर बसलेले दोन हौशी आणि वाटेत हात दाखवून चढलेली एक आजी, हा सगळा संसार ज्या वस्तूवर टिकलेला असतो ती वस्तू म्हणजे मनगटाएवढ्याही नसलेल्या जाडीचा एक लोखंडी दांडा. तो वरून भोकात टाकायचा, खालून बाहेर आला की त्याच्या टोकाला क्लिप लावायची. दांडा बहुधा असतो. क्लिप हरवलेली असते. तिच्या जागी मी बांधायची तार पाहिलीय, खिळा पाहिलाय, सुतळी पाहिलीय, आणि एकदा स्लिपरचा निळा पट्टा पाहिलाय. 'हे निघणार नाही का?' असं विचारलं की उत्तर येतं, "कालपासून हाय." कालपासून टिकलं म्हणजे उद्यापर्यंत टिकणार, हा आमच्याकडचा मान्यताप्राप्त चाचणी अहवाल आहे.

मालकीचा प्रश्न त्याहून नाजूक. ट्रॅक्टर एका भावाचा, ट्रॉली दुसऱ्या भावाची, टाकी मेहुण्याची आणि पिन शेजाऱ्याकडून आणलेली, असा साधारण हिशेब असतो. ट्रॉलीचा दिवा लागत नाही म्हणून ट्रॅक्टरवाल्याला हटकलं तर तो म्हणतो, ट्रॉली माझी नाय. ट्रॉलीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, वायर ट्रॅक्टरमधनं येते. दिवा दोघांच्या मध्ये कुठेतरी विझलेला असतो.

कायद्याने यात बारकाईने लक्ष घातलेलं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रॅक्टर म्हणजे असं वाहन, जे स्वतः ओझं वाहून नेण्यासाठी बनवलेलं नाही. आमच्या गावात ही व्याख्या वाचून दाखवली तर मडगार्डवर बसलेले दोघे ती स्वतःवर घेतील. ट्रेलरची व्याख्या करताना मोटारसायकलच्या साइडकारला आठवणीने वगळलंय, म्हणजे जय-वीरूंना परवानगीची चिंता नको. आणि २००१ साली तर एक वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याच्याकडे ट्रॅक्टर चालवायचा वैध परवाना आहे, त्याने मागे ट्रॉली जोडली की त्याचा परवाना निकामी होतो का? न्यायालय म्हणालं, नाही होत. देशातल्या सर्वोच्च खुर्चीवरून हे सांगावं लागलं याचं शहरी वाचकाला नवल वाटेल. आमच्याकडे नवल याचं वाटलं की नुसता ट्रॅक्टर चालवायला कुणी परवाना काढतो.

हे सगळं असंच सुखाने चाललेलं असताना डलासला राहणाऱ्या आमच्या पुतण्याने एक मोठी पिकअप घेतली आणि तिच्या मागे ओढायचं घर घेतलं. घर म्हणजे अक्षरशः घर. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास आणि एसी. अमेरिकेत निम्मे लोक निवृत्त झाल्यावर आणि उरलेले निवृत्त होण्याची वाट न बघता असली घरं पिकअपला जोडून डोंगरात जातात, असं तो म्हणाला. त्याने ते दाखवायला व्हिडिओ कॉल लावला. नेमके त्या वेळी टँकरदादा ओसरीवर चहाला बसलेले.

घर दाखवून झालं तरी पुतण्या मागच्या दाराशी यायला तयार होईना. तो पिकअप आणि घर यांच्यामधल्या सांध्यापाशीच उभा राहिला. तिथे एक लोखंडी गोळा होता आणि गोळ्यावर घराची लोखंडी टोपी बसवलेली. "काका, हे गोळे वेगवेगळ्या मापांचे असतात. एक दोन इंची, एक दोन पूर्णांक पाच सोळांश इंची. दोन्ही दिसायला सारखेच. मोठ्या टोपीखाली छोटा गोळा लावला तरी बसतो. पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंत बसतो."

"आपल्याकडं मंग फाटकाबाहेर पण नाय जायचा," टँकरदादा म्हणाले.

मग पुतण्याने वजनाचं शास्त्र काढलं. ट्रेलरच्या एकूण वजनातलं साधारण दहा ते पंधरा टक्के वजन पुढे गोळ्यावर यायला हवं. तीन हजार किलोचं घर असेल तर तीनशे ते साडेचारशे किलो. हे वजन गाडीच्या स्वतःच्या ओझ्यात धरायचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ही पिकअप इतके हजार किलो ओढते, पण दाराच्या चौकटीवरच्या छोट्या स्टिकरवर ती अंगावर किती घेऊ शकते ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा आधी संपतो. बायको, दोन मुलं, कुत्रा, शेगडी, आणि सासूबाईंनी भारतातून आणलेला प्रेशर कुकर, सगळं त्यात. म्हणून तो आधी सगळ्यांना गाडीत बसवून ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊन आला होता. आमच्या घरातल्या बायका हे ऐकून हळहळल्या. परदेशात जाऊन पोराला सुनेचं वजन गाडीसकट करावं लागतं.

"आणि मागं जास्त भरला तं?" टँकरदादांनी विचारलं.

"मग ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, काका. आधी थोडा, मग जास्त. शेवटी पिकअपलाच फिरवतो."

"उलाळ म्हन की सरळ," टँकरदादा म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

ज्याने बैलगाडी भरलीय त्याला यात नवीन काही नव्हतं. पेंढा रचताना पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर जू दाबून बसतं. मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उठतं आणि बैलांचे गळे जोत्यात आवळतात. म्हणून भर रचणारा जाणता माणूस गाडी जुंपायच्या आधी दांडी हाताने उचलून बघायचा. फार जड नको, हलकी तर मुळीच नको. चढ आला की पोरांना पुढे धुरेजवळ बसवायचे, उतार लागला की मागे हाकलायचे. आम्हाला वाटायचं आपल्याला फिरायला नेतायत. आम्ही दहा ते पंधरा टक्क्यांतली पोरं होतो, हे डलासहून कळलं.

पुतण्याकडे याच कामासाठी स्प्रिंगच्या दोन दांड्या आहेत. त्या ताणून बसवल्या की मागे आलेलं वजन पिकअपच्या पुढच्या चाकांवरही वाटलं जातं, नाहीतर गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीला ते पत्र पोस्टाने पोचतं. टँकरदादांचा ट्रॅक्टर चढावर असाच पुढून उचलतो. त्यांच्याकडे स्प्रिंगच्या दांड्या नाहीत. ते पुढच्या बंपरवर दोन पोरं बसवतात. ही यंत्रणा स्वस्त आहे, चढ संपला की आपली आपण उतरते, आणि अत्यंत धोकादायक आहे. पुतण्याने हे ऐकून फोनवरच डोळे मिटले. तो म्हणाला, ही पोरं घसरली तर चाकाखाली जातात. त्यापेक्षा बंपरला लावायची बिडाची वजनं मिळतात, ती घ्यावीत आणि पिन ट्रॅक्टरच्या खालच्या पट्टीलाच अडकवावी, कारण पिन जितकी उंच तितका ट्रॅक्टर मागे उलटायला तयार. यावर टँकरदादा गप्प झाले. त्यांनी एक ट्रॅक्टर उलटलेला पाहिलेला आहे.

मला मात्र पुतण्याच्या सगळ्या सरंजामात आवडल्या त्या दोन साखळ्या. गोळा-टोपीचा सांधा सुटलाच तर घर पळून जाऊ नये म्हणून पिकअपपासून ट्रेलरपर्यंत दोन साखळ्या लावतात, आणि त्या खालून एकमेकींवर फुली मारून नेतात. सांधा निखळला तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या फुलीच्या झोळीत पडते. शिवाय एक बारीक तार असते. घर फारच लांब निघालं तर ती ओढली जाते आणि घराचे स्वतःचे ब्रेक लागतात. मुलगा हातून जाणार हे गृहीत धरून सगळी तजवीज आधीच करून ठेवणारे आईबाप असतात, तसल्या कुणी हे डिझाइन केलेलं असावं.

आमच्या मिक्सरला अशी साखळी नाही. स्लॅबच्या दिवशी पहाटे मिक्सर निघतो. त्याची चाकं मुळात बांधकामाच्या जागेवर इकडून तिकडे सरकण्यापुरती दिलेली, त्यांना ना स्प्रिंग ना ब्रेक ना दिवा. पण कॉन्ट्रॅक्टरला सरळगावचा स्लॅब उरकून किन्हवलीला जायचं असतं, म्हणून पिकअपवाला त्याला साठच्या वेगाने नेतो. मिक्सर मागे उड्या मारत असतो. त्याच्यावर एक कामगार उभा असतो, तोही उड्या मारत असतो, आणि दोघांच्या उड्या वेगवेगळ्या तालात असतात. अशा गाडीच्या आरशात मिक्सर मागे दिसतोय तोवर ठीक. एकदा पिकअपवाल्याला तो शेजारी दिसला. कुणाचं तरी वाहन ओव्हरटेक करतंय असं समजून त्याने सभ्यपणे साइड दिली. मिक्सर पुढे गेला, वळणावर न वळता खाचरात उतरला आणि चिखलात स्वस्थ बसला. सुदैवाने त्या दिवशी कामगार पुढे केबिनमध्ये तंबाखू मळायला बसलेला होता. तंबाखूमुळे माणसाचा जीव वाचल्याचं हे एकच उदाहरण माझ्याकडे आहे.

डोलणारा ट्रेलर सावरायचा कसा, यावर पुतण्या आणि टँकरदादा यांचं एकमत झालं, आणि ते महत्त्वाचं आहे. पुतण्या म्हणाला, मागचं डोलायला लागलं की वेग वाढवून ते ताणून सरळ करायचा मोह होतो. तसं करायचं नाही. पुढचे ब्रेक दाबायचे नाहीत, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. हळूच ॲक्सिलरेटर सोडायचा, आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायची खिट्टी असेल तर ती दाबायची. टँकरदादा म्हणाले, "तेच. डोलतंय त्याला डोलू द्यायचं, आपन नाय डोलायचं."

माळशेज घाटात ओझं ओढणारे आणि फिरायला निघालेले एकत्र येतात. जुन्नर-ओतूरकडून भाजीच्या आणि कांद्याच्या गाड्या घाट उतरून मोरोशी, टोकावडे करत कल्याणला जातात. पावसाळ्यात त्याच घाटात पुण्या-मुंबईची मंडळी धबधब्याखाली भिजायला, ढगात फोटो काढायला आणि मक्याचं कणीस खायला येतात आणि गाडी बरोबर वळणावर लावतात. ओझं घेऊन घाट उतरताना जुना नियम असा की ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो, आणि तापलेला ब्रेक गरजेच्या क्षणी हात वर करतो. याच्या उलट एक आधुनिक पंथ आहे. हे लोक उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करतात. मागे तीन-चार टन जोडलेले असताना न्यूट्रल करणं म्हणजे घोड्याला लगाम काढून देऊन त्याच्या विवेकावर विसंबणं. घाटभर मिळून जेवढं डिझेल वाचतं तेवढ्यात पायथ्याला एक वडापाव येतो. तो खायला पायथ्यापर्यंत पोचणं, एवढीच काय ती अट.

या विषयातली शिस्त बघायची तर कसारा स्टेशनात उभं राहावं. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा रेल्वेमार्ग १८६५ चा. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. आकडा किरकोळ वाटतो, पण लोखंडावर लोखंड चालतं तिथे तो घाम फोडतो. म्हणून गाडी कसाऱ्याला थांबते आणि तिला मागून जोडइंजिनं लागतात, ज्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. नीट विचार केला तर ही आपली रिक्षाचीच पद्धत आहे, फक्त पाय बाहेर काढलेला नसतो. ब्रिटिशांनी यासाठी नियमावली केली, सिग्नल ठरवले, उतारावर सुटलेली गाडी अडवायला वर चढत जाणारे बाजूचे रूळ टाकले. आमच्या रिक्षावाल्याकडे यातलं काही नाही. त्याच्याकडे एक पाय आहे, आणि तो पाय चप्पल घातलेला आहे. तरीही मागचा ढकलणारा आणि पुढचा स्टिअरिंग धरणारा यांचं जे संभाषण चाललेलं असतं ("ब्रेक नको मारू रं, माझा पाय हाय!") त्यात रेल्वेच्या जाडजूड नियमावलीचं सगळं सार येतं. या मार्गावर २०२३ पासून धावणाऱ्या वंदे भारतला म्हणे बँकर लागत नाही, ती आपली आपण चढते. तेव्हापासून स्टेशनावर गाडी बघायला येणाऱ्या पोरांची निराशा झालीय.

सरकारने २०२१ साली राज्यासाठी कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे फिरती घरं यावीत, ती उभी करायला जागा असाव्यात. विचार चांगला आहे. पण आमच्याकडे लोकांनी पाहिलेलं पहिलं फिरतं घर हे पर्यटनाचं नव्हतं. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्या, भांडीकुंडी, पाळणे, मिठाई. आता एवढी माणसं जमल्यावर त्यांच्या सोयीसाठी पिकअपच्या मागे जोडून येतं ते फिरतं शौचालय. खिडक्या, दारं, पायऱ्या, पाण्याची टाकी, दिवे, सगळं त्यात आहे; पलंग तेवढा नाही. पुतण्याने आपल्या घराचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला तेव्हा पहिला प्रश्न आला, "कुठल्या जत्रंला लावला?"

फिरतं घर असो की शौचालय, त्याची खरी परीक्षा रिव्हर्सला होते. मागे काही जोडलं की रिव्हर्समध्ये जग उलटं होतं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागचं डावीकडे जातं, आणि थोडं जास्त फिरवलं की ते पिकअपच्या भेटीला येतं. पुतण्याने त्यावर युक्ती सांगितली, स्टिअरिंग खालच्या बाजूला एका हाताने धरायचं. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जातो. युक्ती खरी आहे. पण ती एकांतात चालते. जत्रेत रिव्हर्स घेताना मागे बारा जण उभे असतात. त्यातले चार जण 'येऊ दे' म्हणतात, तीन 'डावीकडं काट' म्हणतात आणि ही डावी कुणाची डावी हे सांगत नाहीत. एक म्हातारा बैल सोडून मध्ये येतो. एक जण ट्रेलरच्या अंगावर थाप मारत राहतो, त्याचा अर्थ थांब असाही होतो आणि चल असाही. ड्रायव्हर शेवटी सगळ्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं करतो, पिन काढतो आणि सहा जणांना बोलावून शौचालय हाताने ढकलून जागेवर लावतो. सुरक्षेच्या दृष्टीने ही आमच्याकडची सर्वोत्तम पद्धत आहे, फक्त त्या वेळी आत कुणी नाही ना, हे आधी बघावं लागतं.

गेल्या मे महिन्यात पुतण्या सुट्टीवर आला. टँकरदादांच्या शेजारी मडगार्डवर बसून (नाइलाजाने, आणि तेही दोन्ही हातांनी धरून) तो डोळखांबच्या अलीकडच्या वाडीला निघाला. वाटेत समृद्धी महामार्गाचा उंच पूल लागतो. त्या रस्त्यावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे, त्यामुळे आमचं पाणी त्याच्या पोटाखालून जातं. पुतण्याने निघण्याआधी पिनेला खरी क्लिप लावली होती, पेडलांची पट्टी जोडली होती, टँकरच्या मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवले होते आणि ट्रॅक्टरपासून दांडीपर्यंत साखळ्यांची फुली मारली होती. साखळी गोठ्यातली होती. त्या दिवशी म्हैस खुंट्याला दोरीने होती.

वाडीच्या विहिरीपाशी आल्यावर टँकरदादा त्याला म्हणाले, "घे. तू लाव मागं." विहिरीच्या कडेला बायका हंडे-कळश्या घेऊन कधीच्या उभ्या होत्या. टँकर विहिरीत रिकामा होणार, मग पोहरे पडणार. पुतण्याने आधी उतरून मागची जागा चालत पाहिली. सगळ्यांना एका बाजूला उभं केलं आणि सांगितलं, मी आरशात फक्त एकाचाच हात बघणार, आणि तो हात टँकरदादांचा. बाकीच्या अकरा जणांचा उत्साह तिथेच मावळला. मग स्टिअरिंगचा खालचा भाग धरून, पहिल्या झटक्यात, नाकासमोर सरळ रेषेत त्याने टँकर मागे आणला. काठाची माती भुसभुशीत दिसल्यावर अलीकडेच थांबला, ब्रेक लावला, गिअरमध्ये टाकला आणि मग खाली उतरून दोन्ही चाकांना पुढे-मागे दगड लावले. टाळी वाजली नाही, पण कुणी नावंही ठेवली नाहीत. आमच्याकडे ते टाळीच्या वर आहे.

टँकरदादांनी मागचा पाइप जोडला आणि विहिरीकडे ओढला. पाइप ताणून ताणून सगळा संपला आणि त्याचं तोंड विहिरीच्या काठापासून चार फूट अलीकडे लोंबत राहिलं. पुतण्या सांगू लागला की भुसभुशीत काठाजवळ साडेसहा टन नेणं कसं धोक्याचं आहे. बरोबरच होतं ते. टँकरदादाही मान डोलावत होते.

मघापासून कंबरेवर हात ठेवून उभी असलेली एक आजी पुढे आली. तिने पाइपाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, आणि पुतण्याला म्हणाली, "बाबा, तुझा बरोबर हाय. मंग आता इहीर जराशी पुढं घे."